गरोदरपणात कुटुंबासोबत थीम पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आणि एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपल्या की हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारी बहुधा दुसऱ्या खेपेची असते. मोठ्या मुलाला वर्षभर "नेऊ, नेऊ" म्हणून थोपवलेलं असतं आणि आता सगळं घर तिच्याकडे बघत असतं. मी स्वतः दुसऱ्या वेळी विसाव्या आठवड्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आले आहे, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांनाच माहीत, म्हणून निघण्याआधी त्यांना एक फोन कराच.

१. पोटुशी असताना थीम पार्कला जायचंच नाही का?

जाता येतं. गरोदरपण सुरळीत असेल, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल, तर पार्कात जाऊन बसायला, फिरायला, शो बघायला हरकत नसते. मनाई असते ती ठरावीक राइडना (प्रश्न ३). पण खरं सांगू का, राइड टाळणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. समोर पाटी असते, तुम्ही बसत नाही, विषय मिटतो. त्रास होतो तो बाकीच्या दिवसाचा: दहा तास पायावर, ऊन, लांबलेलं जेवण, दूरवरचं स्वच्छतागृह, परतीचा ट्रॅफिक. म्हणून खालची बरीच उत्तरं राइडबद्दल नाहीतच.

२. कितवा महिना बरा?

साधारण १४ ते २८ आठवडे, म्हणजे चौथा महिना लागल्यापासून सातव्याच्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा असतो, आणि तळणीचा वास सगळ्या पार्कभर असतो. शेवटच्या तीन महिन्यांत पोटाचं वजन, पायांची सूज आणि दर अर्ध्या तासाला लघवीला जाणं. मधल्या काळात बहुतेकींना जरा हुशारी वाटते.

आठवडे मोजताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. घरातल्या बायका "पाचवा लागला" म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब आणि सोनोग्राफीचा हिशेब यांत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. २८ आठवड्यांनंतर जायचंच असेल तर जवळ प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय कुठलं, हे आधी बघून ठेवा.

३. नेमक्या कोणत्या राइड चालत नाहीत आणि का? पोटावर पट्टा येत नसेल तरी नाही का?

तरीही नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लोकांना वाटतं, धोका पोटावर दाब येण्याचा आहे. तो आहेच, पण मुख्य भीती वेगळी आहे. गर्भपिशवी लवचीक असते, ताणली जाते. तिला आतून चिकटलेली वार (प्लासेंटा) तितकी लवचीक नसते. अंग जोरात पुढे जाऊन एकदम थांबलं, खाली पडलं किंवा बाजूला हिसकलं गेलं, की पिशवी आकार बदलते पण वार तशी बदलू शकत नाही, आणि दोघींमधला जोड सुटू शकतो. वार सुटली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. गाडीच्या अपघातांत पोटाला थेट मार न लागताही हे घडलेलं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. रोलर कोस्टरवर गरोदर बायकांना बसवून कुणी प्रयोग करणार नाही. त्यामुळे "इतका वेग चालेल, इतका नाही" असा आकडा मागू नका, तो कुणी देणार नाही.

तेव्हा हे सगळं बाद: रोलर कोस्टर (इमॅजिकातली निट्रो, अंधारातली डीप स्पेस आणि "ही तर लहान मुलांची" म्हणून आग्रह होतो ती गोल्ड रश एक्स्प्रेससुद्धा), वरून सोडून देणारे मनोरे, स्क्रीम मशीनसारखे झुलते पाळणे, गोल गरगर फिरवणारं काहीही, उतारावरून पाण्यात आपटणारी बोट. राजासॉरसची बोट बाहेरून अगदी शांत दिसते, पण शेवटी ती खाली येतेच. (राजासॉरस हा खरा डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली. मुलांना रांगेत सांगायला बरं पडतं.)

दोन राइडबद्दल फसगत होते. एक, धडकणाऱ्या गाड्या आणि बोटी. वेग कमी असतो म्हणून बायका बसतात, पण तिथे धडकणं हाच तर खेळ आहे, आणि दणका कुठल्या बाजूनं येणार ते तुमच्या हातात नाही. दुसरी, सिम्युलेटर. खुर्ची जागच्या जागी असते, पण हिसके खरे असतात, आणि पडद्यामुळे जे पोट ढवळतं ते वेगळंच.

शेवटचा शब्द राइडसमोरच्या पाटीचा. गरोदर बायकांना मनाई असं लिहिलं असेल तर ऑपरेटरशी हुज्जत घालू नका. पाटी नसेल आणि मनात शंका असेल, तरी बसू नका.

४. मग मी करू काय? फक्त पिशव्या सांभाळायच्या?

पिशव्या लॉकरमध्ये ठेवा, हे पहिलं. गरोदर बाई म्हणजे कुटुंबाचा खांब, तिच्या गळ्यात सगळ्यांच्या बॅगा, हे दृश्य प्रत्येक पार्कात दिसतं आणि मला त्याचा राग येतो.

करण्यासारखं बरंच असतं: बसून बघायचे शो, संध्याकाळची परेड, मेरी-गो-राउंड. मेरी-गो-राउंडमध्ये घोड्यावर चढू नका, उतरताना तोल जातो. बसायला बाक असलेला रथ असतो, त्यात बसा. अंधाऱ्या सभागृहात शिरताना आणि निघताना गर्दीच्या मध्ये राहू नका, दोन मिनिटं थांबून शेवटी निघा. खुर्ची हवेत उचलणारे किंवा पाय अधांतरी लटकवणारे शो असतात, आय फॉर इंडियासारखे. त्यांना शो म्हणत असले तरी आपल्या हिशेबात ती राइडच, म्हणजे प्रश्न ३ चा नियम लागू.

तिकीट राइडगणिक नसतं, दारातून आत शिरण्याचं एकच असतं, हे आधी लक्षात घ्या. पैसे वसूल करायच्या हिशेबानं गेलात तर दिवसभर चिडचिड होईल. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून गरोदर बाईसाठी काही वेगळी सोय, बसायची जागा, चाकाची खुर्ची मिळते का ते विचारा. चाकाची खुर्ची म्हटली की बायकांना लाज वाटते. सातव्या महिन्यात, दुपारी तीन वाजता लाज वाटत नाही. माझा अनुभव.

५. रांगेत उभं राहून चक्कर येते. काय करू?

गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब मुळातच थोडा खाली असतो. एका जागी स्थिर उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी पोचतं, आणि डोळ्यांपुढे काळोखी येते. त्यात ऊन आणि रिकामं पोट असेल तर विचारूच नका. चालताना हा त्रास कमी होतो, कारण पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. म्हणजे उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट.

उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. कानात गुंई आवाज आला, घाम फुटला, की "एवढी रांग संपू दे" म्हणू नका, तिथेच खाली बसा. कपडे मळले तर मळले. जरा आडवं व्हायला मिळालं तर डाव्या कुशीवर, पाठीवर नाही.

मुळात रांगेत तुम्ही असायलाच कशाला हव्यात? राइडवर बसणारे रांगेत, तुम्ही सावलीत. एका पार्कात (नाव सांगत नाही) मी मुलासोबत रांगेत उभी होते, कारण नवरा पाणी आणायला गेला होता. खुर्ची मागितली तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बसायचंच नाही तर रांगेत कशाला?" तेव्हा संतापले होते. आता वाटतं, बोलण्याची रीत वाईट होती, मुद्दा बरोबर होता.

६. नवऱ्याला आणि मला आळीपाळीनं मुलासोबत राहावं लागतं. मी राइड घेणार नाही, तर धाकट्याचं काय?

लहान मूल उंचीच्या पट्टीखाली असेल तर ते तुमच्याजवळ राहणार, आणि त्याच्यामागे धावायचं काम तुमच्याकडे येणार. दिवसाच्या शेवटी कंबर धरते ती यामुळे, राइडमुळे नाही. म्हणून तिसरं मोठं माणूस बरोबर घ्या: नणंद, भाऊ, कुणीही. आजी-आजोबांना धरू नका, दुपारनंतर त्यांनाही सांभाळावं लागतं.

मुलाला कडेवर घेऊ नका असं सगळे सांगतात, आणि मूल रडायला लागलं की तुम्ही घेताच. निदान उचलायच्या आधी खाली बसा, गुडघ्यातून उठा, किंवा तुम्ही बाकावर बसून त्याला वर चढू द्या.

७. वॉटर पार्क चालेल का? पाण्यात तर हलकं वाटतं.

पोहणं चांगलंच आहे, पण वॉटर पार्क म्हणजे पोहणं नव्हे. घसरगुंड्या सगळ्या बाद: खाली आपटताना धक्का बसतो, आणि वेगानं पाण्यात शिरताना पाण्याचा झोत योनिमार्गात जाऊ शकतो. लाटांचा तलावही नको. तिथे लाट इतका त्रास देत नाही, जितकं शेजारच्याचं कोपर आणि ट्यूब देते.

उथळ तलावात कडेला पाय सोडून बसणं, कमरेएवढ्या स्थिर पाण्यात उभं राहणं, हे ठीक. क्लोरीनच्या नेहमीच्या प्रमाणाची भीती नको. भीती ओल्या फरशीची बाळगा. पोट वाढलं की तोल पुढे जातो, पाय दिसत नाहीत, आणि अनवाणी चालायला लावतात. कठड्याला धरून चाला. गरम पाण्याचं कुंड असेल तर त्यात अजिबात उतरू नका (कारण प्रश्न १० मध्ये).

कपड्यांचं आधी बघा. बहुतेक वॉटर पार्कांत नायलॉनचे किंवा लायक्राचे कपडे सक्तीचे असतात, सुती कुर्ता घालून पाण्यात सोडत नाहीत. तिथे भाड्यानं मिळणारा पोशाख पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटावर बसत नाही. घरूनच मोठ्या मापाचा न्या.

८. आणि स्नो पार्क?

थंडीनं बाळाला काही होत नाही. पण खाली बर्फ, पायात भाड्याचे बूट, आजूबाजूला धावणारी पोरं. काचेबाहेर बसून कॉफी प्या, एखादा कप चालतो.

९. तिथलं खाणं खाऊ का? घरचा डबा आत नेऊ देत नाहीत.

बाहेरचे पदार्थ बहुतेक पार्क दारातच अडवतात. यावर साधा उपाय म्हणजे गाडीतच पोटभर खाऊन आत शिरा, आणि दुपारी वाटलं तर बाहेर येऊन गाडीतला डबा खा. परत आत सोडतात का, शिक्का मारतात का, ते निघताना विचारा. औषधं आणि मधुमेहासाठी लागणारं खाणं न्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

आत खाताना एकच कसोटी: समोर गरम झालेलं आहे का. गरम वडापाव थंड सँडविचपेक्षा बरा, आपल्याला वाटतं त्याच्या उलट. थंड सँडविचमध्ये कच्ची चटणी, कापून ठेवलेली काकडी आणि केव्हाचं कोण जाणे चीज असतं. टाळायचं ते: पाणीपुरी, कापलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, कच्ची मोड आलेली कडधान्यं, उघड्यावरची चटणी. चालेल ते: डोसा, गरम भात-आमटी, पराठा, सीलबंद ताक, अख्खं केळं. जळजळ होणाऱ्यांनी वडापाव खाऊन लगेच वाकू नये, एवढंच.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. सहलीच्या दिवशी वेळा चुकतात आणि बायका संध्याकाळी दोन्ही एकदम गिळतात. त्यापेक्षा लोहाची घरी पोचल्यावर रात्री घ्या.

१०. मुलांना मे महिन्यातच सुट्टी असते. उन्हात गेलं तर चालेल?

मी जाणार नाही. रायगड जिल्ह्यातला मे म्हणजे ऊन आणि दमट हवा दोन्ही. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं आणि तसंच राहिलं तर पहिल्या तिमाहीत बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका वाढतो. गरम पाण्याच्या कुंडाला मनाई याच कारणानं. पुढच्या महिन्यांत भीती शरीरातलं पाणी कमी होण्याची: त्यानं पोट कडक होतं, कळा आल्यासारखं वाटतं.

जावंच लागलं तर दार उघडताच आत शिरा, साडेबारा ते चार वातानुकूलित जागेत काढा, आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडा. दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी. लघवीला जावं लागेल म्हणून कमी पिणाऱ्या खूप असतात. त्यांनी पोचल्याबरोबर नकाशात स्वच्छतागृहं बघून ठेवावीत आणि बाक तिथून जवळचा निवडावा. तहान लागायची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी झाली की तुम्ही मागे पडलात.

पावसाळ्यात गारवा असतो, पण कोकणचा पाऊस धो धो कोसळतो, वाटा निसरड्या होतात आणि मोठ्या राइड बंद ठेवाव्या लागतात. मुलं खट्टू होतात. डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरा, पण शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा सोडून. शाळेला एक दिवस दांडी मारा. मंगळवारी रांगा अर्ध्या असतात.

११. गाडीचा प्रवास कसा करायचा? घाटाची भीती वाटते.

मुंबईकरांना घाट लागत नाही, इमॅजिका घाटाच्या पायथ्याशी आहे. पुणेकरांना जाताना बोरघाट उतरावा लागतो आणि येताना चढावा लागतो. घाटानं बाळाला काही होत नाही, तुम्हाला मळमळेल एवढंच. पुढच्या सीटवर बसा, फोनमध्ये बघू नका.

पट्टा लावायचाच. खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे. वरचा भाग दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं. पोटावरून आडवा कधीच नाही. पट्टा टोचतो म्हणून पाठीमागे टाकून बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रश्न ३ मध्ये वार सुटण्याबद्दल जे लिहिलंय ते त्यांनी पुन्हा वाचावं.

खरी गोम परतीची. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर घाटात गाड्या तासन्तास अडकतात आणि तिथे उतरून जाण्यासारखी जागा नसते. पुण्याला जाणाऱ्यांनी घाट लागायच्या आधी कुठेतरी थांबून मोकळं व्हावं, वाटलं नाही तरी. मुक्काम परवडत असेल तर तिथेच करावा. दोन तासांहून लांबचा प्रवास असेल तर मध्ये उतरून पाच मिनिटं चाला, गरोदरपणात पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो.

१२. सासूबाई म्हणतात, एवढं खोपोलीपर्यंत जातोय तर महड आणि पाली दोन्ही करून येऊ.

हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की मला आता हसू येतं. रस्ता तोच आहे, त्यामुळे सासूबाईंचं गणित चुकीचं नाही. महडचा वरदविनायक खोपोलीच्या अलीकडेच आहे, सकाळी दर्शन घेऊन पार्कात जाता येतं. पालीचा बल्लाळेश्वर मात्र पुढे आहे, आणि पार्क उरकून संध्याकाळी तिथे जाणं म्हणजे थकलेल्या अंगाला आणखी दीड-दोन तासांचा रस्ता. एक दिवस, एक देव. चतुर्थीला तर महडही नको, रांगेचं प्रश्न ५ मध्ये आलंच आहे.

नाही म्हणायचं कसं, हे विचारता. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य गरोदरपणात फुकट मिळतं, वापरा.

१३. ऑफिसची पिकनिक आहे. दुसराच महिना आहे, कुणाला सांगितलेलं नाही. राइडला नाही कसं म्हणू?

तीन महिने सांगायचं नाही, ही पद्धत आपल्याकडे घट्ट आहे. तुम्हाला पाळायची असेल तर पाळा. कंबर धरलीय, मानेला लचक आहे, काल रात्रीपासून उलट्या होताहेत, यातलं काहीही चालतं. मानेचं कारण उत्तम, कारण राइडच्या पाट्यांवर मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यालाही मनाई लिहिलेली असते, म्हणून कुणी आग्रह करत नाही.

पण एका माणसाला सांगा. जवळच्या मैत्रिणीला, कुणालाही. चक्कर आली, रक्त दिसलं, तर बरोबरच्या चाळीस जणांपैकी एकाला तरी कळायला हवं की ही गरोदर आहे. आणि चेष्टामस्करीत राइडवर ओढून नेलंच, तर ऑपरेटरच्या कानात स्पष्ट सांगा. दुसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही, तो ओळखू शकत नाही. बाहेर सोडणं त्याचं कामच आहे.

१४. मला माहीत नव्हतं! रोलर कोस्टरमध्ये बसून आले आणि चार दिवसांनी टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता?

आधी श्वास घ्या. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आत असते, ती हाडं तिला सांभाळतात, आणि त्या वेळी वारही पूर्ण तयार झालेली नसते. रक्तस्राव किंवा पोटदुखी नसेल तर बहुधा काहीही झालेलं नसतं. पहिल्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ पडण्याची कारणं बहुतांशी गुणसूत्रांतल्या दोषात असतात, राइडमध्ये नाही. घरातलं कुणी "तू तिकडे गेलीस म्हणून" असं म्हणालं तर ते चूक आहे आणि क्रूर आहे.

१५. जुळी आहेत / वार खाली आहे / पिशवीच्या तोंडाला टाका आहे / बीपी आहे / साखर वाढली आहे. जाऊ का?

एकाच उत्तरात बसणारे हे प्रश्न नाहीत.

वार पिशवीच्या तोंडावर असेल, टाका घातलेला असेल, या खेपेत रक्तस्राव झाला असेल किंवा आधी मुदतपूर्व प्रसूती झाली असेल, तर माझं मत नाही. बसून राहणार असलात तरी नाही, कारण पार्कापर्यंतचा रस्ता आणि तिथून रुग्णालयापर्यंतचं अंतर मध्ये येतं.

जुळ्यांमध्ये सगळं लवकर घडतं, म्हणून प्रश्न २ मधली मुदत शेवटाकडून कमी करा आणि डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी चालू असेल आणि बीपी ताब्यात असेल तर डॉक्टर बहुधा थोडक्या वेळासाठी हो म्हणतात. यंत्र बरोबर घ्या, आणि प्रश्न १७ मधली डोकेदुखीची ओळ दोनदा वाचा.

गरोदरपणातला मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा पाळणं हाच दिवसाचा कणा. दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं, ग्लुकोमीटर जवळ, इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत. गाडीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. साखर उतरल्याची लक्षणं नवऱ्याला सांगून ठेवा, कारण घाम आणि थरथर बघून तो "ऊन लागलं" असंच समजेल.

१६. पार्कात घसरून पडले, पण दुखत नाहीये. तरी डॉक्टरकडे जायचं?

विसाव्या आठवड्यानंतर पडलात किंवा पोटाला मार लागला, तर होय, त्याच दिवशी. वार थोडी सुटली तर सुरुवातीला दुखतही नाही आणि रक्त बाहेर दिसेलच असंही नाही. म्हणून काही तास बाळाचे ठोके आणि कळा यंत्रावर बघतात. "घरी जाऊन बघू" यात तेच तास निघून जातात.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आणखी एक गोष्ट. मार लागल्यावर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करू लागतं. ते रोखायला अँटी-डी इंजेक्शन लागतं, ७२ तासांच्या आत. पहिल्या तीन महिन्यांतही रक्त गेलं असेल तर डॉक्टरांना रक्तगट आवर्जून सांगा. फाइलच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या सोनोग्राफीचा फोटो फोनमध्ये ठेवा. नवऱ्याच्या फोनमध्येही.

१७. काय झालं की सगळं सोडून निघायचं?

अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं. ठरावीक अंतरानं कळा येताहेत आणि बसून, पाणी पिऊनही थांबत नाहीत. पोट दगडासारखं कडक होऊन तसंच राहिलं. खूप डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा चेहरा एकदम सुजला. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटते. शेवटच्या बाबतीत फसगत होते: चालताना बाळ झुलून झोपतं आणि आपलंही लक्ष नसतं. डाव्या कुशीवर शांत पडून बघा. तरी कमीच वाटली तर निघा.

पार्कात प्रथमोपचार केंद्र असतं, आधी तिथे सांगा. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका येते, पैसे लागत नाहीत. खोपोलीहून मोठ्या रुग्णालयांसाठी पनवेल-कामोठ्याकडे जावं लागतं, हे नवऱ्याला आधीच ठाऊक असू द्या.

१८. मोठ्या आवाजानं बाळ दचकतं का?

साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देतं, त्यामुळे लाथ जाणवेल. दहा-पंधरा मिनिटांच्या शोनं कान बिघडत नाहीत. तरी स्पीकरच्या तोंडाशी उभ्या राहू नका.

१९. गावच्या जत्रेतला आकाशपाळणा चालेल का? तो तर हळू फिरतो.

हळू फिरतो तो पार्कातला. जत्रेतला पाळणा किती वेगानं फिरवायचा ते ओरडणाऱ्या पोरांवर ठरतं, आणि बरेचदा त्याला नुसती आडवी दांडी असते. नको. भेळ खा, तीही चटणी वगळून.

२०. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आहोत. आई-बाबा आलेत, त्यांना डिस्नेला न्यायचंय आणि मला सहावा आहे.

तिथे काम सोपं आहे, कारण प्रत्येक राइडची माहिती आधीच ॲपवर असते आणि गरोदर बायकांना मनाई कुठे आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आगगाडी, मेरी-गो-राउंड, हळू चालणाऱ्या बोटी अशा बऱ्याच राइडना मनाई नसते. रायडर स्विच नावाची सोय आहे: एक मोठं माणूस राइड घेतं, दुसरं राइड न घेणाऱ्या मुलाजवळ थांबतं, आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल होते. बेबी केअर सेंटरमध्ये थंड, शांत जागा मिळते.

कठीण आहे ते अंतर. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. आई-बाबांचे गुडघे आणि तुमची कंबर दोन्ही एकदम संपतात, म्हणून दोन दिवस काढा आणि दुपारी हॉटेलवर झोपा. विमानानं जाणार असाल तर कंपनीचा नियम बघा: २८ ते ३२ आठवड्यांपासून बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेत नाहीत, जुळ्यांना त्याआधीच. भारतातून पाहुणी म्हणून गेलेली गरोदर बाई असेल तर तिचा प्रवास विमा गरोदरपणाचा खर्च देतो का, ते वाचा. बहुतेक देत नाहीत, आणि तिथली बिलं बघून कळा येतील.

२१. बाळंतपणानंतर रोलर कोस्टरवर केव्हा बसता येईल?

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा. सिझेरियन झालं असेल तर आणखी थांबा, पोटावर येणारा बार नेमका टाक्यांच्या आसपास बसतो. खोकताना, शिंकताना लघवी सुटत असेल तर ओटीपोटाचे स्नायू अजून तयार नाहीत, आधी त्यांचे व्यायाम करा. अंगावर पाजत असाल तर छातीवर दाबणारा पट्टा भरलेल्या छातीला फार दुखतो, पाजूनच बसा. मी बाळ दहा महिन्यांचं असताना गेले. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, आणि सकाळी महड करून आलो होतो.